मी गाडीची खांद शेकली

आमच्या सुनेच्या नव्याकोऱ्या कारच्या चामडी सीटना मी एकदा हळद आणि लोणी लावून शेक दिला आहे. पुढच्या, मागच्या, सगळ्या सीटना. शिवाय चारही चाकांना जवसाचं तेल.

हे आज कबूल करते, कारण आमची नात आता आठ वर्षांची झाली आहे आणि तिला ही गोष्ट तिच्या आजोबांकडून कळली आहे. आजोबांच्या गोष्टीत मी गाडीला वेसणही घातली होती. तेवढं खोटं आहे. बाकीचं खरं आहे, म्हणून ते मीच नीट लिहून ठेवलेलं बरं.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आता सत्तरीतून पाहिलं की ते वय फारच अल्लड वाटतं. गुडघे चालत होते, डोळे चालत होते, आणि आपल्याला सगळं समजतं ही खात्री तर दिवसभर चालत होती.

सून म्हणजे वैशाली. आमच्या घरी येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची, आणि घरी आल्यावर तास संपला आहे हे तिच्या लक्षातच यायचं नाही. पोळी लाटताना बोलायची, कपडे वाळत टाकताना बोलायची, आंघोळीला गेली तरी दाराआडून वाक्य पूर्ण करायची. सुरुवातीला मी यांना म्हणायचे, "ही पोरगी थकत कशी नाही?" पुढे तिच्या आवाजाची इतकी सवय झाली की ती कॉलेजात गेली की मी रेडिओ लावून ठेवायचे.

तर या वैशालीने स्वतःच्या कमाईतून कार घेतली. बाहेरून पांढरी, आतून क्रीम रंगाच्या सीट, अस्सल चामड्याच्या. त्यांवर बारीक बारीक भोकं, पुरणयंत्राच्या जाळीसारखी. (ही भोकं लक्षात ठेवा.)

मी म्हटलं, "नागपुरात क्रीम रंग कोणी घेते काय वं? इथली धूळ पाहिली नाही काय तू?"

"आई, बाबांसाठी घेतली ती," ती म्हणाली.

तिचे बाबा म्हणजे वर्ध्याचे दामोदरभाऊ, आमचे व्याही. बत्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस.

"बाबा जन्मभर पोत्यावर बसले, आई. ट्रकची सीट फाटलेली, स्प्रिंग वर आलेली, त्याच्यावर पोतं टाकलेलं. मी चौथीत असताना त्यायले सांगतलं होतं, मी मोठी झाली की माझ्या गाडीत तुम्ही लोण्यासारख्या सीटवर बसान."

लोण्यासारख्या. हा शब्द माझा नव्हे, तिचा आहे. मी नंतर तिला तसं सुनावायचा विचारही केला होता, पण वेळ तशी नव्हती.

बाबांनी गाडी अजून पाहिली नव्हती. ते पोळ्याला आमच्याकडे पुरणपोळी जेवायला येणार, आणि जेवण झालं की वैशाली त्यांना शेजारच्या सीटवर बसवून फुटाळा तलावापर्यंत पहिली फेरी मारून आणणार, असं ठरलं होतं. महिनाभर ती हेच बोलत होती. बाबा कोणता सदरा घालतील, बाबा सीटला हात लावून काय म्हणतील, बाबा ब्रेकच्या जागी पाय कसा दाबतील.

मध्ये दहा दिवस तिला कॉलेजच्या कामाने भोपाळला जावं लागलं. आमचा मुलगा त्या वेळी नोकरीपायी रायपूरला होता, म्हणून या गोष्टीत त्याला काही काम नाही. गाडी राहिली माझ्या ताब्यात. निघताना वैशालीने चावी माझ्या हातात दिली.

"आई, पावसाळ्यात बंद गाडीत चामड्याले बुरशी धरते. रोज अर्धा तास दारं उघडी ठेवा, कोरड्या फडक्यानं पुसा. बस. बाकी काही लावाचं नाही."

"मी काय लावीन वं?"

"काहीच नका लावू. चामडं म्हणजे कातडीच न, कोरडी पडली की तडकते. तिले मधूनमधून पोषण द्या लागते. त्याची वेगळी क्रीम येते, मी आल्यावर लावीन."

एवढ्या बोलण्यातून 'कातडी', 'कोरडी' आणि 'पोषण' हे तीन शब्द मी जपून ठेवले. 'काहीच नका लावू' हे तीन शब्द मात्र भोपाळच्या गाडीबरोबर निघून गेले.

पहिले दोन दिवस मी दारं उघडली, पुसलं, वर दहा मिनिटं आत बसून पेपर वाचला. तिसऱ्या दिवशी आमच्या भजनी मंडळाच्या बायकांना चपला बाहेर काढायला लावून गाडीचं दर्शन दिलं. चौथ्या दिवसापासून पाऊस लागला. पाऊस पडत असताना दारं उघडली तर पाणी आत जाईल, असा मी विचार केला. तो चुकीचा नव्हता. पाऊस थांबल्यावर उघडायची, हा पुढचा विचार मात्र मी सलग सात दिवस केला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गाडी उघडली. आतून ओल्या पोत्याचा वास आला. (दामोदरभाऊंना घरच्यासारखं वाटलं असतं.) सीटवर पांढरी बुरशी, जुन्या लोणच्याच्या तोंडावर येते तशी.

आमचे हे ओसरीत पेपर वाचत होते. यांनी पस्तीस वर्षं गांधीबागेत कापडाच्या दुकानात काढली. जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे हे ठाण उलगडून पाहावं तसं सावकाश पाहतात.

"अहो, गाडीले बुरशी आली."

"रोज दारं उघडून राहिली होती न तू?"

"पाऊस नव्हता काय?"

"रोज दिवसभर होता काय?"

मी फडकं शोधायला लागले.

"वैशालीले फोन कर," हे म्हणाले.

"अन् काय सांगू? तुही गाडी सडवली म्हणून सांगू?"

"तसं एकदम नको सांगू. आधी तब्येत विचार."

फोन मी केला नाही. उद्या सकाळी तिची ट्रेन येणार, बाबा येणार. त्याआधी सीट पहिल्यासारखी करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दीड वर्षात तिने माझ्यावर सोपवलेली ही पहिली मोठी वस्तू होती. कोरड्या फडक्याने बुरशी पुसली, तर ती निघालीसुद्धा. इथे मी थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी सीटवरून हात फिरवला आणि मला ती कोरडी लागली. कातडी. कोरडी. पोषण.

आणि तो दिवस कोणता? पोळ्याचा आदला. खांद शेकायचा!

माझं माहेर पारशिवनीकडचं, शेतीचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमचे बाबा बैलांना धुऊन आणायचे आणि वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून गरम फडक्याने शेक द्यायचे. मग बैलाच्या कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी त्या बैलांची कातडी काय दिसायची! मऊ, चकचकीत, हात ठेवला तर घसरेल अशी.

आता तुम्हीच सांगा. चामडं ते चामडं. बैलाच्या अंगावर असलं काय आणि कारच्या सीटवर असलं काय.

पण मी अगदीच भैताड नव्हते. आधी प्रयोग केला, यांच्या चामडी चपलेवर. हळद-लोणी लावलं, शेक दिला, पुसलं. चप्पल अशी चमकली की यांना ती आपली आहे हे पटेना. चप्पल मुळात काळपट तपकिरी होती आणि सीट क्रीम रंगाची आहे, हा फरक माझ्या नजरेतून सुटला. मोठ्या प्रयोगांत असं होतं.

लोणी घरात होतंच. आठ दिवसांची साय विरजून, घुसळून गोळा काढून ठेवला होता, उद्याच्या पुरणपोळीवरच्या तुपासाठी. हळदही माहेरची, घरी कांडलेली, रंगाला पक्की. वाटीभर कालवण केलं आणि चालवायच्या सीटवर पहिला हात मारला. सीटवर माझी पाच बोटं उमटली. पिवळीजर्द.

पुसायला गेले तर पाचाचा पंजा झाला. अजून पुसलं तर पंजाचा भारताचा नकाशा झाला. तेव्हा मी सीटवरच बसून शांतपणे विचार केला. (उठले तेव्हा लुगड्यावरही नकाशा होता.) ठिकठिकाणी पिवळं दिसलं तर तो डाग. सगळीकडे सारखं पिवळं दिसलं तर तो रंग. मग मी सगळीकडे लावायला घेतलं.

अडीच तास मी राबत होते. तव्यावर फडकं तापवायचं, पळत गाडीपर्यंत न्यायचं, दाबून शेक द्यायचा, पुन्हा तव्याकडे. शेकाने लोणी पातळ झालं आणि जी भोकं मी लक्षात ठेवायला सांगितली होती, त्यांच्यातून आत उतरलं. प्रत्येक भोकाने आपापला वाटा घेतला. लोण्याचा गोळा संपला आणि गाडी अजून मागत होती, म्हणून फ्रिजमधली उरलेली सायही लावली.

मागची सीट संपवून बाहेर आले तर नजर चाकांवर गेली. चाकाच्या चकचकीत आऱ्यांमधून आत एक लोखंडी ताटली दिसत होती आणि तिच्यावर तांबूस गंज. चारही चाकांना! नवी गाडी, सात दिवस पावसात उभी, आणि गंज. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायचे. वंगण घरात कुठलं? जवसाचं तेल होतं. कापसाच्या बोळ्याने, आऱ्यांमधून हात घालघालून, चारही ताटल्या मी तेलाने न्हाऊ घातल्या. उरलेलं तेल टायरवर फिरवलं. टायर काळेभोर दिसायला लागले. कामाचं समाधान वाटलं.

आणि मग, एवढं सगळं केलंच आहे तर उगाच अर्धवट कशाला ठेवा, म्हणून मी गाडीच्या पुढे उभी राहिले, आजूबाजूला पाहिलं, आणि हळू आवाजात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"कोणाले आवतन देऊन राहिली वं?" ओसरीतून आवाज आला.

"कोणाले नाही."

हे चपला शोधत गाडीपर्यंत आले. आत वाकले. ठाण उलगडून पाहावं तसं चारही दारांतून पाहिलं.

"हळद आहे काय हे?"

"हो."

"हळद कापडावर पडली की धुऊन जात नाही. उन्हात टाकली की रंग आपोआप उडते."

"अन् चामड्यावर पडली तर?"

"चामडं मी कधी विकलं नाही," म्हणून हे परत पेपरकडे गेले.

ऊन तर आठवडाभर निघालंच नव्हतं. वास जावा म्हणून मी काचा अर्ध्या खाली ठेवल्या आणि आत स्वयंपाकाला लागले.

पोळ्याच्या सकाळी पाहिलं तर गाडीला दिलेलं आवतन भलत्यांनीच घेतलं होतं. टायरवरून दारावर, दारावरून काचेवर, काचेवरून सीटवर लाल मुंग्यांची रांग. आणि चालवायच्या सीटवर शेजारची मांजर अंग ताणून सीट चाटत होती. मी दार उघडलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू उशिरा मीच आले होते.

मांजर हाकलली, मुंग्या झटकल्या. मग ट्रंकेतून यांच्या गांधीबागेच्या दिवसांतल्या दोन कोऱ्या पांढऱ्या चादरी काढल्या आणि सीटवर चापूनचोपून अंथरल्या. लग्नाच्या बैठकीसारखं दिसायला लागलं. छान, म्हटलं, मानाचा पाहुणा येतो आहे, शोभून दिसतं. दहा मिनिटांनी पाहिलं तर चादरीतून पिवळे ठिपके वर येत होते, ओळीने, पुरणयंत्रातून यावेत तसे.

तेवढ्यात फाटक वाजलं. वैशालीची ट्रेन तासभर उशिरा होती, आणि दामोदरभाऊ वेळेवर होते. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. नवीन शिवलेलं दिसत होतं. हातात लेकीसाठी सोनपापडीचा डबा.

"विहीणबाई, हेच काय ते जनावर?" ते म्हणाले आणि चपलाही न काढता गाडीकडे वळले.

"या न आत आधी, भाऊ. चहा ठेवला आहे."

"पाहून घेऊ द्या जरासं."

बत्तीस वर्षांची सवय ती. ट्रकवाला गाडीत बसण्याआधी भोवती एक फेरी मारतो, प्रत्येक चाकाला हात लावतो, मगच चढतो. त्यांनी तशी फेरी सुरू केली. पहिल्या चाकापाशी वाकले. बोट आत घातलं. बोट नाकाशी नेलं.

"जवस?"

मी पदर सारखा केला.

दुसऱ्या चाकाशी गेले. तिसऱ्या. चौथ्या. प्रत्येक ठिकाणी बोट, नाक. मग ते उभे राहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, "विहीणबाई, चाकाले तेल कोणं लावलं?"

"गंज आला होता, भाऊ. नवी गाडी अन् गंज."

"ते ब्रेकच्या ताटल्या आहेत. पाऊस लागला की त्यायले असा गंज येतेच. दोनदा ब्रेक दाबला की घासून निघून जाते."

"मग तेलानं काय होते?"

"तेलानं ब्रेक लागत नाही."

मला पटकन समजलं नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहून पुढे म्हणाले, "म्हणजे पोरगी चौकात ब्रेक दाबन, अन् गाडी चौकाच्या पलीकडे जाईन."

सीट पिवळी झाली, मुंग्या आल्या, मांजर आली, तोवर मला फक्त लाज वाटत होती. आता भीती वाटली. जेवण झाल्यावर वैशाली बाबांना बसवून फुटाळ्याला जाणार होती. ती गाडी मी तिच्या हाती तशीच देणार होते, वरून नवी चादर घालून.

त्याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली. "बाबा!" म्हणत वैशाली उतरली. बॅग तिथेच टाकली, आणि बोलायला लागली. "ट्रेन इतकी लेट, आई, इटारसीपासून नुसती उभी करून ठेवली होती, बाबा, तुम्ही बसले नाही न अजून? नका बसू, मी बसवतो म्हटलं होतं तुम्हाले, चावी कुठं आहे आई, जेवण मागून करू, आधी एक लहान चक्कर..."

दामोदरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडणार होते. पण त्यांच्याआधी मी बोलले. आयुष्यात वैशालीचं बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा तोडलं.

"वैशाली, गाडी हलवू नको. मी ब्रेकले तेल लावलं. अन् सीटले हळद-लोणी."

वैशालीने एक दार उघडलं. चादर उचलली.

"हळद काहून, आई?"

"पोळा आहे न."

हे उत्तर ऐकायला जेवढं वाईट वाटतं, तेवढंच बोलायलाही वाईट वाटलं.

ओरडली असती, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिने चादर तशीच परत ठेवली, कडा सारखी केली, बॅग उचलली आणि घरात गेली. आमच्या घरात इतकं शांत दीड वर्षात कधी झालं नव्हतं.

दामोदरभाऊंनी मग एक गोष्ट केली. त्यांनी शेजारच्या सीटवरची चादर काढली, घडी करून मागे ठेवली, आणि नव्या पांढऱ्या पायजम्यानिशी त्या पिवळ्या सीटवर बसले. पाठ टेकली. हात मांडीवर ठेवले.

"भाऊ, डाग लागन न," मी म्हटलं.

"लागू द्या. मऊ आहे, विहीणबाई. पोरीनं सांगतलं होतं तशीच आहे." मग घराकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला, "वैशाली! पोळ्याच्या दिवशी जुपत नसते पोरी. आज तिले आराम. उद्या पाहू."

खिडकीत वैशाली उभी होती. तिने बाबांना बसलेलं पाहिलं. मग पडदा पडला.

जेवायला सगळे बसलो. पुरणपोळी छान झाली होती. दामोदरभाऊंनी पहिली पोळी मोडली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"तूप आहे काय थोडंसं?"

मी उठायच्या आधीच हे म्हणाले, "तूप गाडीत आहे."

मी वैशालीकडे पाहिलं. ती पोळीकडे पाहत होती. दामोदरभाऊ मात्र ठसका लागेपर्यंत हसले, आणि उठले तेव्हा त्यांच्या पायजम्याच्या मागे दोन मोठे पिवळे गोल, त्यात ओळीने ठिपके. तसेच ते वर्ध्याला जायला निघाले होते. आम्ही जबरदस्तीने यांचा पायजमा दिला आणि थांबवून घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येणार होता.

तो आला. दामोदरभाऊ त्याच्या डोक्यावर उभे राहिले, चारही चाकं काढून घेतली, ताटल्या धुवायला लावल्या, तेल प्यायलेल्या ब्रेकच्या पट्ट्या बदलायला लावल्या, आणि स्वतः गल्लीत दहा वेळा ब्रेक दाबून पाहिल्यावरच लेकीच्या हाती चावी दिली. मग वर्ध्याची बस पकडून गेले.

वैशाली माझ्याशी भांडत नव्हती. हे लक्षात घ्या, कारण भांडणारी सून मला सांभाळता आली असती. "आई, चहा घेता?" विचारायची. "आई, कुकर बंद केला." त्यापुढे काही नाही. आंघोळीला गेली तर नुसता पाण्याचा आवाज. दोन दिवस मी रेडिओ लावला नाही, कारण रेडिओ लावला तर ती घरात नाही असं वाटायचं, आणि ती तर शेजारच्या खोलीतच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन जरीपटक्याला निघाली. तिथे सीटचं काम करणारा एक जुना कारागीर होता. मी न विचारता मागे जाऊन बसले. गुन्हेगाराने हजर राहावं, असं मला वाटलं. हेही बसले. यांना बघायचं होतं.

कारागिराने दार उघडलं, चष्मा वर केला, सीटवर बोट फिरवलं, वास घेतला. मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "माँजी, चाय देखी, आईस्क्रीम देखी, बच्चों की उल्टी देखी. यहाँ तो सीट की हल्दी हो गई. बारात कब की है?"

हे मोठ्याने हसले. मी जमिनीकडे पाहिलं. वैशालीने तोंड फिरवून दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि तिचे खांदे थोडे हलल्यासारखे वाटले. पण ते रडण्याने होतं की कशाने, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

त्याने फेसाने लोणी काढलं, मऊ ब्रशने एकेक भोक साफ केलं, आणि सांगितलं की हळदीला घासून उपयोग नाही, ऊन दाखवा, महिना-दोन महिन्यांत आपसूक फिकी पडेल. यांनी "मी तेच सांगतलं होतं" हे वाक्य घरी पोचेपर्यंत चार वेळा म्हटलं.

(ती फिकी पडली. बाकीच्या सीट दसऱ्यापर्यंत क्रीम झाल्या. दामोदरभाऊ बसले होते त्या सीटच्या भोकांत मात्र आजही बारीक पिवळं आहे. ती बदलायची वैशालीला कोणीही सुचवलं तरी ती ऐकत नाही.)

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा उजवा खांदा धरला. अडीच तास सीट चोळल्याचा हिशेब शरीराने तीन दिवस मागे ठेवला होता, तो एकदम पुढे आला. हात वर जाईना. वेणी घालायला बसले तर फणी कानापर्यंतच पोचली. कोणाला सांगायचं? कशाने दुखतो विचारलं तर काय उत्तर देणार? मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले.

मागून पावलं वाजली. वैशाली होती. तिच्या हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात तव्यावर तापवलेलं फडकं. वाटीतून वास आला तो मी ओळखला. हळद आणि लोणी. माझ्या आवतनाची गोष्ट यांनी तिला सांगितली होती, हे मला पुढच्याच क्षणी कळलं.

तिने माझ्या खांद्यावरचा पदर बाजूला केला, वाटीतलं बोटांवर घेतलं, माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मान खाली करा, आई. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."